स्वसंरक्षण शिकवणाऱ्या ताई-दादांना खुलं पत्र: पेपर स्प्रेचं बटण दाबल्यानंतरचंही शिकवा

ताई-दादांनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या वर्गांना मी आजवर तीन वेळा बसले. तिन्ही वेळा प्रशिक्षक वेगळे होते. मनगट कसं सोडवून घ्यायचं, मागून कुणी आवळलं तर कोपर कुठे मारायचं, पोटातून कसं ओरडायचं, हे तुम्ही शिकवलंत आणि ते अंगात मुरलं आहे. रात्रपाळी संपवून मी एकटी घरी येते. जिन्यात मागे पावलं वाजली तरी आता माझा श्वास अडकत नाही, तो तुमच्यामुळे. हे आधी सांगितलं, कारण पुढे जे लिहिणार आहे ते तुमच्याविरुद्ध नाही.

तिन्ही वर्गांचा शेवट एकसारखा झाला. पेपर स्प्रेची बाटली वर धरून दाखवली गेली. "ही कायम पर्समध्ये असू द्या. कुणी अंगावर आलं की तोंडावर मारा आणि पळा." दोन मिनिटांत विषय संपला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मनगट सोडवायला आपण तासभर घाम गाळला होता. स्प्रेच्या वाट्याला दोन मिनिटं आली.

दुसऱ्या वेळचा प्रसंग सांगते. वर्ग एका बंद सभागृहात होता, खिडक्या लावलेल्या होत्या. शेवटी प्रत्येकीला एकेक बाटली दिली गेली. माझ्या शेजारची मुलगी ती उलटसुलट करून बघत होती. तोंड नेमकं कुठल्या बाजूला आहे ते कळावं म्हणून तिनं बाटली जमिनीकडे धरली आणि बटण जरासं दाबलं. अर्धा सेकंद असेल. आधी कुणाला काही कळलंच नाही. मग पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं, मग डावीकडे, मग माझ्याच घशात काहीतरी खरवडल्यासारखं झालं आणि डोळ्यांतून धार लागली. मिनिटभरात सगळं सभागृह ठसकत होतं. शेवटच्या रांगेतली एक बाई खुर्चीचा पाय धरून खाली बसली होती. तिला दम्याचा त्रास होता. पंप पर्समध्ये होता आणि पर्स पलीकडच्या भिंतीला, सगळ्यांच्या पर्सच्या ढिगात. कुणी तिच्या तोंडावर पेलाभर पाणी मारलं, कुणी रुमालानं तोंड पुसायला लागलं. प्रशिक्षक स्वतःच डोळे मिटून खोकत उभे होते. दारं उघडून आम्ही तिला मोकळ्या हवेत आणलं, पंप सापडला, आणि दहाएक मिनिटांनी ती बोलू लागली. बटण दाबणारी मुलगी जिन्यात बसून रडत होती.

वाईट काही घडलं नाही. पण तीसजणींच्या हातात एक वस्तू दिली होती आणि तिच्याबद्दल खोलीतल्या एकालाही पुरतं ठाऊक नव्हतं, देणाऱ्यालासुद्धा नाही. तेव्हापासून मी मिळेल ते वाचत गेले. मी वकील नाही, डॉक्टर नाही. जे कळलं त्यातलं तुमच्या कामाचं तेवढं लिहिते.

नावात 'पेपर' असलं तरी या बाटलीत मिरी नसते, मिरचीचा तेलकट अर्क असतो. त्यातलं कॅप्सेसिन हे झोंबणारं द्रव्य काय करतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. आपल्या चेतातंतूंवर उष्णता ओळखणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या पुढे तो जागा होतो आणि 'भाजतंय' असा निरोप मेंदूला धाडतो. कॅप्सेसिन हाच ग्राहक उष्णतेशिवाय उघडतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 मध्ये तो शोधून काढला आणि 2021 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. म्हणजे स्प्रे लागलेल्याला आग खरी होते, पण कातडी भाजलेली नसते. पापण्या आपोआप मिटतात, श्वासनलिका आखडते, खोकला आवरत नाही. बहुतेकांचा सर्वांत वाईट काळ अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो.

तेलकट असल्यामुळे ते थोड्याशा पाण्यानं जात नाही, उलट पसरतं. त्या दिवशी पेलाभर पाण्यानं त्या बाईची आग गळ्यापर्यंत उतरली ती म्हणूनच. डोळे भरपूर वाहत्या पाण्यानं धुवायचे, पापण्यांची उघडझाप करत राहायचं, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर लगेच काढायच्या, कातडी सौम्य साबणानं धुवायची, कपडे बदलायचे, आणि काही झालं तरी चोळायचं नाही. दुधाचा उपाय सगळे सांगतात. 2008 मध्ये 49 स्वयंसेवकांवर याचीच चाचणी झाली होती: दूध, लहान मुलांचा शाम्पू, आम्लपित्ताचं औषध, बधिर करणारं जेल आणि साधं पाणी. वेदना कमी करण्यात एकही उपाय दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. वेळ गेला तसा त्रास गेला. म्हणून दूध शोधत धावण्यापेक्षा मोकळी हवा आणि नळ गाठावा. दमा असलेल्याला मात्र वाट बघायला लावू नये, ताबडतोब डॉक्टरकडे न्यावं. आणि अगदी हातभर अंतरावरून डोळ्यात धार मारली तर नुसत्या दाबानंही बुबुळाला इजा होऊ शकते. हे शेवटचं वाक्य मी कुठल्याच वर्गात ऐकलं नाही.

आता कायदा. इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

"पेपर स्प्रे कायदेशीर आहे का?" असा प्रश्न तुम्हाला वर्गात कुणी विचारला की तुम्ही "हो, बिनधास्त ठेवा" म्हणता. पण हा एक प्रश्न नसतो, तीन असतात. विकत घेऊन घरात ठेवता येतो का? सोबत घेऊन फिरता येतं का? आणि माणसावर मारला तर काय? तिन्हींची उत्तरं एकाच देशातसुद्धा वेगवेगळी असू शकतात.

फ्रान्समध्ये 100 मिलिलीटरपर्यंतचा स्प्रे प्रौढ माणसाला विकत घेता येतो, पण योग्य कारणाशिवाय तो सोबत बाळगणं गुन्हा आहे. इटलीत 2011 च्या नियमांनुसार बाटली 20 मिलिलीटरपेक्षा मोठी नको, अर्काचं प्रमाण 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको, मारा 3 मीटरपलीकडे जायला नको आणि बाळगणाऱ्याचं वय किमान 16 हवं. कॅलिफोर्नियात बाटलीतला माल अडीच औंसांच्या आत असावा लागतो. जर्मनीत दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ बाटल्यांवर 'प्राण्यांपासून बचावासाठी' असं छापलेलं असतं आणि त्या छापलेल्या ओळीमुळेच ती बाटली शस्त्रकायद्याच्या बाहेर राहते. कॅनडात अस्वलाला पळवून लावायचा मोठा स्प्रे जंगलात जाणारे लोक सर्रास वापरतात, पण तोच माणसावर मारण्याच्या इराद्यानं जवळ ठेवला तर गुन्हा होतो. बाटली तीच असते, कायदा मनातल्या हेतूवर बोट ठेवतो.

ब्रिटनमध्ये तर 1968 च्या बंदुकांच्या कायद्याच्या पाचव्या कलमात अपायकारक द्रव किंवा वायू सोडणारी वस्तू निषिद्ध शस्त्र मानलेली आहे. वापरली नाही, दाखवली नाही, नुसती खिशात सापडली तरी गुन्हा. भारतात पेपर स्प्रे विकत घ्यायला किंवा बाळगायला शस्त्रपरवाना लागत नाही. त्यामुळे इथे 'बिनधास्त ठेवा' हे ऐकून वाढलेली मुलगी शिकायला लंडनला निघते, आई काळजीपोटी तिच्या बॅगेत ती बाटली सरकवते, आणि त्या क्षणी त्या दोघींनी तिच्या नव्या आयुष्याच्या पहिल्याच दिवशी तिला केवढ्या अडचणीत टाकलं असतं, हे दोघींनाही माहीत नसतं. विमानतळावरच अडवलं गेलं तर ते तिचं नशीब म्हणायचं. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांत असा स्प्रे हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि खाली जाणाऱ्या सामानातही चालत नाही. अमेरिकेचे नियम सामानात एक छोटी बाटली चालवून घेतात, तीही 118 मिलिलीटरपर्यंत आणि चुकून उडणार नाही असं कुलूप असेल तर. विमान कंपनी तेवढंही नाकारू शकते. तुमच्या वर्गात परदेशी जाणाऱ्या कितीतरी मुली येतात. "जिथे जाल तिथला नियम आधी बघा" हे एक वाक्य त्यांना द्या.

जाता जाता एक गोष्ट, जी वाचून मी बराच वेळ विचार करत बसले. 1993 चा रासायनिक अस्त्रांविषयीचा करार 1997 पासून लागू आहे. दंगल पांगवण्यासाठी वापरतात तसली झोंबणारी, रडवणारी द्रव्यं युद्धाचं साधन म्हणून वापरायला त्यात बंदी आहे. देशांतर्गत पोलिसांना मात्र ती वापरता येतात. आपल्या चाव्यांच्या जुडग्याला अडकवलेल्या गुलाबी बाटलीकडे त्यानंतर मला वेगळ्या नजरेनं बघावं लागलं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, वापराचा. देशोदेशीच्या कायद्यांची भाषा वेगळी असली तरी गाभा बराचसा सारखा आहे: धोका खरा वाटण्याजोगा हवा, तो आत्ताचा हवा, आणि तो टाळायला लागेल तेवढंच बळ वापरायला हवं. भारतीय न्याय संहितेत, म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कायद्यात, कलम 34 ते 44 हे स्वसंरक्षणाच्या हक्काबद्दल आहेत. शरीराला धोका आहे अशी रास्त भीती निर्माण होते तेव्हा तो हक्क सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करायची मुभा कुठल्याही परिस्थितीत नाही. आणि त्याच संहितेच्या कलम 118 मध्ये, धोकादायक साधनांनी इजा करण्याच्या गुन्ह्यात, श्वासावाटे शरीराला अपाय करणारे पदार्थही येतात. म्हणजे जी बाटली एका क्षणी तुमचा हक्क आहे, ती पुढच्याच क्षणी तुमच्यावरचं कलम होऊ शकते. मधे बदललेलं असतं ते एवढंच, की समोरचा आता येत नव्हता, जात होता.

2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. मूळ वाद मालमत्तेचा, त्यात पेपर स्प्रे मारला गेला. ज्यांच्यावर गुन्हा नोंदला होता त्यांनी 'आम्ही स्वतःचा बचाव केला' असं म्हणत तो रद्द करायची मागणी केली. जिवाला तत्काळ धोका होता असं प्रथमदर्शनी दिसत नाही आणि पेपर स्प्रे हे घातक हत्यार ठरू शकतं, असं म्हणून न्यायालयानं ती फेटाळली. याचा अर्थ ते दोषी ठरले असा नाही. पण 'स्वसंरक्षण' हा शब्द उच्चारला की प्रकरण मिटतं, हा समज त्यातून पुसला जायला हवा. तुमच्या वर्गात तो समज मी स्वतः ऐकला आहे: "बाईनं मारला ना, मग पोलीस काही करत नाहीत."

तुमच्यातल्या एका अनुभवी ताईंशी मी हे बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, एवढा कायदा सांगितला तर मुली ऐन वेळी गोठतील. हात उचलायच्या आधी कलमं आठवत बसतील." ही भीती मी हलक्यानं घेत नाही. गोठणं काय असतं ते मला माहीत आहे. एकदा बसच्या रांगेत मी गोठले होते आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले होते. पण नीट आठवलं तर त्या दिवशी मला कायद्यानं अडवलं नव्हतं. हे 'पुरेसं वाईट' आहे का, याचा मनात गोंधळ होता, त्यानं अडवलं होतं. रेघ कुठे आहे ते आधीच ठरलेलं असेल तर हात लवकर उठतो. कुणी शिवी दिली, पार्किंगवरून भांडला, फोन हिसकावून पळून गेला, तर स्प्रे नाही. वाट अडवून अंगावर येतोय, थांब म्हटल्यावर थांबत नाही, धरलंय, ओढतोय, तर स्प्रे, आणि तोही क्षणाचा विचार न करता. तो वाकला, डोळे धरून मागे सरला, तर बोट बटणावरून बाजूला आणि पाय रस्त्याला. राग आला म्हणून दुसऱ्यांदा मारायचा नाही. धाक दाखवायला भांडणात बाहेर काढायचा नाही. एवढं दहा वेळा मोठ्यानं म्हणून घेतलं आणि दहा वेळा हातानं करून घेतलं तर कुणाला कलम आठवायची गरज पडणार नाही. मनगट सोडवायलाही तुम्ही असंच शिकवता.

आणि हातानं करून घ्यायलाच हवं. पाणी भरलेल्या सरावाच्या बाटल्या मिळतात, त्यांच्यात मिरची नसते, फवारा तसाच असतो. तीन वर्गांत मला एकदाही ती हातात मिळाली नाही. सराव केला असता तर कळलं असतं की कुलूप अंगठ्यानं उघडायला किती वेळ लागतो. कळलं असतं की बाटली पर्सच्या तळाशी असणं म्हणजे नसणंच. धारेचा स्प्रे साधारण तीनेक मीटर जातो आणि वाऱ्याला बरा तोंड देतो, पण नेम धरावा लागतो. धुक्यासारखा पसरणारा नेम मागत नाही, पण वारा फिरला तर आपल्याच तोंडावर येतो, आणि लिफ्ट, गाडी किंवा बंद खोलीत दोघांनाही सारखाच बाधतो. जेल कमी पसरतं. कुठला प्रकार कुणाला दिला आहे, हे देताना सांगायला नको का? बाटलीवर मुदतीची तारीख असते, कारण आतला दाब हळूहळू जातो. ती उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये. आणि हेही प्रामाणिकपणे सांगा, की परिणाम व्हायला काही सेकंद जाऊ शकतात, आणि नशेत असलेला किंवा पेटून उठलेला माणूस स्प्रे लागूनही अंगावर येऊ शकतो. म्हणून मारल्यावर तिथेच उभं राहून बघायचं नसतं, मारतानाच बाजूला सरायचं असतं.

पळाल्यानंतरचं तर कुणीच बोलत नाही. सुरक्षित जागी पोहोचल्यावर पहिला फोन पोलिसांना, आपण स्वतः. मी कुठे आहे, माझ्यावर कुणी हल्ला केला, मी स्प्रे मारला आहे, त्यालाही वैद्यकीय मदत लागेल. हे शेवटचं वाक्य कित्येकींना पटणार नाही, ज्यानं हात टाकला त्याच्यासाठी मदत कशाला मागायची? मलाही आधी पटलं नव्हतं. पण तो दम्याचा रुग्ण असू शकतो, रस्त्यावर आंधळा होऊन गाडीखाली येऊ शकतो. आणि जिनं स्वतःहून कळवलं, लपवलं नाही, मदत बोलावली, तिचा हेतू फक्त सुटण्याचा होता हे पुढे सांगावं लागत नाही, दिसतं. आपण गप्प घरी गेलो आणि त्यानंच आधी तक्रार नोंदवली, तर कागदावर आधी त्याची गोष्ट येते. बाटली फेकून द्यायची नाही. अंगावरच्या ओरखड्यांचे फोटो काढायचे, डॉक्टरांना दाखवायचे. आजूबाजूला कॅमेरा असेल तर जागा लक्षात ठेवायची. जबाब देण्याआधी वकिलाशी बोलता येत असेल तर बोलायचं.

माझी मागणी एवढीच आहे: प्रत्येक वर्गात स्प्रेसाठी एक पूर्ण तास ठेवा. त्यातली वीस मिनिटं सरावाच्या बाटलीला, वीस कायद्याला आणि वीस नंतरच्या गोष्टींना द्या. कायद्याच्या वीस मिनिटांसाठी जवळपासचा एखादा वकील किंवा पोलीस अधिकारी बोलावता येईल. विचारलं तर बहुतेक जण आनंदानं येतात, असा माझा अनुभव आहे. खऱ्या बाटल्या बंद खोलीत वाटू नका. वाटण्याआधी दमा कुणाला आहे ते विचारा आणि पंप हाताशी ठेवायला सांगा. आणि ज्या कंपन्या, ज्या संस्था तुम्हाला बोलावून "बाटल्या आम्ही देतो, तुम्ही फक्त तासाभरात आटपा" असं म्हणतात, त्यांना हा तास नाकारू देऊ नका. तुमचा शब्द त्यांच्याकडे चालतो, आमचा नाही.

त्या दिवशी सभागृहात खाली बसलेल्या बाईंशी माझी नंतर ओळख झाली. त्या आता स्प्रे बाळगत नाहीत, मोठ्या आवाजाची शिटी बाळगतात. मी अजून स्प्रे बाळगते. माझ्या बाटलीची मुदत या महिन्यात संपते आहे. नवी घेण्याआधी आम्ही दोघी तुमच्यापैकी ज्यांचा पुढचा वर्ग असेल त्याला येणार आहोत. पाण्याची बाटली आणलीत तर पहिल्यांदा मला उभं करा.

तुमची,
रात्रपाळीची एक विद्यार्थिनी